खेळ सुचवणाऱ्या काकू

आमच्या घरमालकीण काकूंना कुणी "काय काकू, बऱ्या आहात ना?" असं विचारलं, तर त्या तब्येतीचं काही सांगत नसत. म्हणत, "सध्या दोन हातात आहेत. एक जमत आलाय. दुसरा चार माणसांचा आहे, पण त्यात तिसऱ्या माणसाला फार कंटाळा येऊन राहिलाय. त्याचं काहीतरी बघावं लागेल." विचारणारा नवा असला तर गोंधळून जाई. जुना असला तर "होईल, होईल" म्हणून काढता पाय घेई, कारण थांबला तर काकू त्यालाच तिसरा माणूस म्हणून ओट्यावर बसवत.

काकू खेळ बनवत. पट अंथरायचा, कवड्या किंवा चिंचोके टाकायचे आणि सोंगट्या हलवायच्या, असे बैठे खेळ. खेळ त्यांच्याच डोक्यातून निघे, त्याचा पट त्याच कापडावर छापून घेत आणि मग ज्याला तो लागू पडेल असं वाटे त्याच्या घरी नेऊन देत. हे सगळं संस्थान जाऊन मध्यभारत झाला आणि पुढे मध्यभारतही जाऊन मध्यप्रदेश झाला, त्या वर्षांतलं. उज्जैनच्या मराठी घरांतल्या बायका तेव्हा पापड लाटत, स्वेटर विणत, भजनाला जात. पन्नाशी उलटलेली नऊवारीतली बाई नवेनवे खेळ काढते, हे बाहेरगावच्या पाहुण्याला सांगायचं तरी कसं, हा गल्लीला प्रश्नच असे. लोक म्हणत, "त्यांना तो एक नाद आहे." काकूंना हा शब्द खपत नसे. "नाद तुमच्या यजमानांना आहे, पानाचा," त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या. "माझं काम आहे."

ठेंगणी, गोरी, चष्म्याची एक दांडी मोडलेली म्हणून तिथे दोरा बांधलेला. इतर बायकांच्या कनवटीला किल्ल्या असतात, काकूंच्या कनवटीला कवड्या असत. त्या जिना चढायला लागल्या की आधी कवड्यांचा आवाज वर येई. तेवढ्या वेळात आम्ही दोघं ठरवत असू, की आज कामाचं निमित्त सांगायचं का खेळायला बसायचं.

त्यांच्या घरी आम्ही बिऱ्हाड कसं केलं ते सांगते. माझं नुकतंच लग्न झालं होतं. ह्यांना उज्जैनच्या बांधकाम खात्यात कारकुनाची नोकरी लागली होती आणि आम्ही फ्रीगंजात जागा शोधत हिंडत होतो. जिथे जाऊ तिथे कोण, कुठले, घरात माणसं किती, रोज पाणी किती लागेल, असे प्रश्न. काकूंनी यातलं काही विचारलं नाही. ओट्यावर एक पट पसरला, आम्हाला समोरासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "खेळा."

हे माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. खेळ साधाच होता, दोघांनी आपापल्या गाई गोठ्यात आणायच्या. मी हरले. हे जिंकले, पण जिंकताना माझी एक गाय वाटेत अडकली होती ती त्यांनी बोटाने हळूच बाजूला करून दिली. काकूंनी ते पाहिलं. त्या खेळणाऱ्याच्या तोंडाकडे कधीच बघत नसत, हातांकडे बघत. मग ह्यांना सोडून त्यांनी मलाच विचारलं, "कुठे कंटाळा आला?"

मी म्हटलं, "मधल्या वळणावर. तिथे फार वेळ अडकून राहावं लागतं."

"बरोबर. मलाही तेच वाटत होतं." त्यांनी पट गुंडाळला. "वरच्या दोन खोल्या आहेत. उद्या सामान आणा."

पुढे कळलं, त्यांची हीच रीत होती. जिंकलेल्याशी त्या कधी चर्चा करत नसत. म्हणत, "जिंकणाऱ्याला खेळ चांगलाच वाटतो. कुठे बिघडलाय ते हरलेल्याला विचारावं."

पट छापायला त्या भैरवगढला जात. तिथे रमजानभाई म्हणून एक छपाई करणारे होते. लाकडी ठशांनी चादरी, ओढण्या, लुगडी छापायची आणि क्षिप्रेवर धुऊन वाळवायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. काकू टांग्यातून उतरल्या की रमजानभाई आधीच कपाळाला हात लावत. एकदा मी बरोबर गेले होते.

"बाई साब, एक चादर के लिए नया ठप्पा कौन बनाएगा? सौ चादर बोलो, बनाता हूँ."

"नवा ठप्पा कुणी मागितला? जो है वही लगाओ. ये कैरी इधर, और ये फूल उधर."

"फूल उधर लगेगा तो किनार बिगड़ जाएगी."

"किनार बिगड़ने दो. वहाँ डाकू रहता है."

रमजानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पण छापला त्यांनी पट, आणि छापता छापता विचारलंसुद्धा, की डाकू पकडला गेला तर काय होतं. त्यामुळे काकूंच्या सगळ्या खेळांत घरं कैरीची, विहिरी फुलांच्या आणि रस्ते वेलबुट्टीचे. त्यांचा कोणताही पट दुरून पाहिला तर कुणालाही पलंगपोसच वाटे. आमच्या एका पाहुण्याने एकदा खरोखरच त्यावर ताणून दिली होती.

खेळ सुचवणं हा काकूंचा दुसरा उद्योग. वैद्य नाडी बघून मात्रा देतो तसं त्या माणूस बघून खेळ देत. स्वतःचाच खेळ दिला पाहिजे असा हट्ट नसे. "तुम्हाला माझं काही चालणार नाही, तुम्ही नवकंकरी खेळा," असं त्या सरळ सांगत. गल्लीत एक निवृत्त मॅजिस्ट्रेट राहत होते. घरात कुणाचं ऐकत नसत, सून रडकुंडीला आली होती. काकूंनी त्यांना गुलामचोर सुचवला. "रोज संध्याकाळी, सुनेबरोबर. आणि हरलात तर कानाला गुलामाचा पत्ता लावून अंगणात एक चक्कर." मॅजिस्ट्रेट आधी संतापले. मग सुनेनेच कधीतरी पत्ते काढले असणार, कारण पुढे आम्ही त्यांना कानाला पत्ता लावून तुळशीभोवती फिरताना पाहिलं, आणि ते हसत होते. मॅट्रिकला नापास झालेल्या एका मुलीला काकूंनी सागरगोटे दिले होते. आमच्या ह्यांना त्यांनी पहिल्याच महिन्यात पथ्य सांगितलं, "बुद्धिबळ बंद ठेवा. तुम्ही तसेच कमी बोलता, त्यात तो खेळ मुक्याचा."

सगळेच खेळ लागू पडत असं नाही. वाटणीवरून भांडणाऱ्या दोघा भावांना त्यांनी एक पट नेऊन दिला, तर त्या पटावरूनच दोघांची हातघाई झाली आणि पट फाटला. काकू तो फाटका पट घेऊन परत आल्या. वाईट वाटलंय असं दिसलं नाही. "नियम कच्चा राहिला," एवढंच म्हणाल्या आणि फाटलेल्या जागी टाके घालत बसल्या.

मध्यभारत झाला तेव्हा सरकारने ग्वाल्हेर हिवाळ्याची राजधानी केली आणि इंदूर उन्हाळ्याची. दरवर्षी अर्ध्या कचेऱ्या कपाटांसकट इकडून तिकडे जात. यावर काकूंनी 'दोन राजधान्या' नावाचा खेळ काढला. त्यात आपला अर्ज मंजूर करून घ्यायचा असे, पण अर्ज ग्वाल्हेरला पोचावा तर साहेब इंदूरला गेलेले, आणि इंदूरला पोचावा तर फाइल ग्वाल्हेरच्या कपाटात राहिलेली. ह्यांनी एकदा तो खेळून बघितला आणि कपाळ पुसत म्हणाले, "काकू, हा खेळ नाही आहे. ही माझी नोकरी आहे." तरी तो गावात फार चालला. टॉवर चौकातल्या दुकानांच्या फळ्यांवर खडूने आखून लोक तो खेळत.

तो इतका चालला, की इंदूरचा एक खेळण्यांचा व्यापारी काकूंना भेटायला आला. पुठ्ठ्यावर छापून सगळ्या मध्यभारतात विकू म्हणाला. काकू आनंदाने तयार झाल्या. तो नियम लिहून घेऊन गेला. नमुना छापून परत आला तोवर काकूंनी शिपायाची सोंगटी वाढवली होती. तो पुन्हा गेला, पुन्हा आला, तर आता साहेब आजारी पडू शकत होते. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "माताजी, खेळ एकदा पक्का करा."

काकूंना त्याचं म्हणणं खरोखरच कळलं नाही. "पक्का म्हणजे कसा? तुम्ही घर एकदा बांधलं की पक्कं म्हणून सोडून देता का? माणसं वाढली की खोली वाढवायचीच."

व्यापारी गेला तो परत आला नाही. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळला गेली, तेव्हा 'दोन राजधान्या' एका दिवसात जुना झाला. घरात त्याचे पट उरले होते ते काकूंनी लोणच्याच्या बरण्यांना दादरे म्हणून बांधले. म्हणाल्या, "बघ, मी नियम बदलते तर लोक नावं ठेवतात. सरकारने तर पटच बदलला."

हे सगळं त्यांच्यात कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. आम्ही दोघी ओट्यावर गव्हातले खडे काढत होतो. लहानपणीच त्यांचं लग्न झालं होतं. सासरे दरबारात नोकरीला. घरात मखमली पट होता, सोंगट्या होत्या, पण खेळायचे पुरुष. सुनांनी त्याला शिवायचं ते फक्त खेळ संपल्यावर, घडी करून ठेवायला.

"घडी करता करता मी घरं मोजली," काकू म्हणाल्या. "मग दुपारी सगळे झोपले की स्वैपाकघरात रांगोळीने तसाच पट काढायचा. उजवा हात एका बाजूने, डावा दुसऱ्या बाजूने. माझा डावा हात बिचारा कायम हरायचा. मला त्याची इतकी दया यायची, की त्याच्यासाठी मी नियम बदलायला लागले."

"आणि यजमान? ते खेळत होते का तुमच्याबरोबर?"

"नाही." त्यांनी सुपातले गहू पाखडले. "चांगले होते. पण त्यांच्या मनात ते आलंच नाही कधी."

आमच्या संसाराच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. तिचं नाव आम्ही वेणू ठेवलं. ती बसायला लागायच्या आतच तापाने गेली. सकाळी अंग कोमट होतं, हे कचेरीत गेले, दुपारी ताप चढला, आणि काकू डॉक्टरांना घेऊन आल्या तोवर उशीर झाला होता.

त्यानंतर घरात माणसं येत राहिली. प्रत्येकाजवळ सांगायला काहीतरी होतं. देवाची इच्छा, अजून वय आहे, अमुक एका देवीला जाऊन या. काकू आल्या नाहीत. खालून त्यांच्या कवड्यांचा आवाजही येईना. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

आणि आम्ही दोघं बोलेनासे झालो. भांडण नव्हतं. हे कचेरीतून येत, चहा घेत आणि बाहेर जात. बुद्धिबळ पुन्हा सुरू झालं होतं, कुणा मित्राकडे. मी जेवण वाढून ठेवत असे. मीठ हवं का, उद्या दूध जास्त घ्यायचं का, एवढंच बोलणं. तिचे कपडे एका ट्रंकेत होते. ती ट्रंक दोघं ओलांडून जात होतो, पण तिचं नाव कुणी काढत नव्हतं. मला वाटे, ह्यांना ते सगळं विसरायचंय. ह्यांना काय वाटत होतं ते मला माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी जिन्यावर कवड्या वाजल्या. हे बाहेर जायला निघालेच होते. काकू दारात उभ्या राहिल्या, काखेत पट.

"माझं एक काम अडलंय," त्या ह्यांना म्हणाल्या. "हा खेळ दोघांचा आहे आणि मला दुसरं माणूस मिळत नाही आहे. तुम्ही दोघं जरा खेळून बघाल का? कुठे अडतंय तेवढं सांगा, बस."

नाही म्हणणं ह्यांना जमत नसे. बसले. मीही बसले.

पट लांबट होता. खालच्या कडेला नदी, वरती टेकडी, आणि मध्ये रमजानभाईंच्या कैऱ्यांची घरं. नदीच्या जागी निळीत बुडवलेली एक दोरी आडवी ठेवलेली. प्रत्येक डावानंतर ती दोरी एक रांग वर सरकवायची, म्हणजे पूर चढला. दोघांजवळ करवंटीची एकेक नाव, कवड्या पडतील तितकी पावलं चालणारी. पाणी पोचायच्या आत घरांतले चिंचोके नावेत घालून टेकडीवर न्यायचे.

"जिंकायचं कुणी?" ह्यांनी विचारलं.

"कुणी कुणाला हरवायचं नाही आहे. दोघं एका बाजूला, नदी दुसऱ्या बाजूला. नियम एकच. आपली नाव आपल्या मनाने हलवायची नाही. ती कुठे न्यायची ते दुसऱ्याने सांगायचं."

असा खेळ मी तोपर्यंत पाहिला नव्हता. काकू पट ठेवून खाली निघून गेल्या. एरवी त्या हात बघत बसायच्या. त्या दिवशी थांबल्या नाहीत.

ह्यांनी माझ्यासाठी कवड्या टाकल्या. मग हे म्हणाले, "तुझी नाव... त्या पिंपळाजवळच्या घराकडे ने." मी नेली. मी म्हटलं, "तुमची घाटाकडे न्या." इतकंच बोललो, पण कितीतरी दिवसांत आम्ही एकमेकांना मीठ-दुधाखेरीज काही सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी नदीने अख्खं गाव नेलं. दुसऱ्या दिवशी हे कचेरीतून आले आणि चहा व्हायच्या आत त्यांनीच पट पसरला.

हळूहळू आम्हाला खेळ यायला लागला. कुठल्या नावेने आधी कुठे जायचं, कुणाला थांबवायचं. जवळजवळ सगळं गाव वाचायला लागलं. फक्त खालच्या कोपऱ्यात, धोबीघाटाच्या मागे, एक घर होतं. त्यात एकच चिंचोका असे. तिथे नाव पोचायच्या आत दोरी पोचायची. आमची नाव अगदी शेजारी असली तरी पाणी एक पाऊल पुढे असे.

ह्यांनी ते मनावर घेतलं. कवड्या कशा पडल्या तर काय होईल, याचा ते कचेरीत बसूनही विचार करायला लागले. मित्राकडचं बुद्धिबळ सुटलं. आल्याबरोबर म्हणत, "आज आपण दोन्ही नावा तिकडेच नेऊ." दोन्ही नावा तिकडे नेल्या की इकडचं अर्धं गाव बुडे आणि ते घर तरीही वाचत नसे. मला ते बघवेना. एका संध्याकाळी मी म्हटलं, "राहू द्या ना ते घर. बाकीचे वाचतात."

"राहू द्या म्हणजे?" त्यांचा आवाज चढला. मग एकदम उतरला. "काहीतरी वाट असेलच ना. मीच चुकीची सांगत असेन."

"तुम्ही चुकीची सांगत नाही. वाटच नाही आहे. मी सगळं करून बघितलं."

त्यांनी दोरी परत खाली, नदीच्या जागी आणून ठेवली. मग म्हणाले, "मी त्या दिवशी कचेरीत गेलो नसतो तर?"

खेळाचं ते बोलत नाहीत, हे मला कळलं.

"तुला हेच वाटतं ना?" ते म्हणाले. "म्हणून बोलत नाहीस माझ्याशी."

मला असं कधी वाटलं नव्हतं. मी तसं सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही वेणूला विसरून जायला बघताय असं मला वाटत होतं. तिचं नाव घेतल्याबरोबर त्यांनी तोंड हातांत लपवलं, आणि मग आम्ही दोघंही रडलो. ती गेल्यापासून एका खोलीत बसून आम्ही एकदाही रडलो नव्हतो. मग त्यांनी ट्रंक उघडली. तिचं अंगडं बघितलं, टोपडं बघितलं. खूप बोललो आम्ही, तिच्या हसण्याबद्दल, तिच्या त्या वाकड्या करंगळीबद्दल. चहा तसाच निवून गेला.

दोनचार दिवसांनी हे खाली गेले आणि काकूंना म्हणाले, "तुमचा खेळ चांगला आहे. पण कोपऱ्यातलं घर काही केल्या वाचत नाही."

काकू दचकल्या. "असं कसं होईल?" त्या दुपारभर ओट्यावर बसून उजव्या-डाव्या हाताने खेळत राहिल्या. संध्याकाळी वर आल्या त्या ओशाळलेल्या. "खरं आहे तुमचं. माझी चूक झाली. एक रांग कमी पडली. मी वाढवून आणते, मग वाचेल."

"नका वाढवू," हे म्हणाले. "आहे तसाच राहू द्या."

काकूंनी ह्यांच्या हातांकडे पाहिलं. ते पटावर पालथे ठेवलेले होते, जणू कुणी तो ओढून नेईल. "बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी बनवलेल्या खेळांत ज्याचा एकही नियम पुढे बदलला नाही असा तो एकच. पुढे मी एकदा विचारलंही, "काकू, ते घर तुम्ही मुद्दाम ठेवलं होतं का?" त्या चक्क चिडल्या. "मुद्दाम चूक करण्याइतकी मी हुशार नाही आहे. मला नीट मोजता आलं नाही, इतकंच."

काकू गेल्याला आता कितीतरी वर्षं झाली. क्षिप्रेवर त्यांना पोचवायला रमजानभाईही आले होते म्हणतात. मी जाऊ शकले नाही. माझी धाकटी तेव्हा अंगावर पीत होती. मी काकूंना शेवटचं पाहिलं ते उज्जैनला नव्हे, भोपाळला.

नवा मध्यप्रदेश झाला तशी ह्यांची बदली भोपाळला झाली. आमच्यासारखी कितीतरी बिऱ्हाडं निघाली. फ्रीगंजातल्या गल्ल्यांत सामानाच्या गाड्या उभ्या होत्या. निघताना मी काकूंना विचारलं, "भोपाळला कुठला खेळ नेऊ?" त्या म्हणाल्या, "न बघितलेल्या गावाला मी काय सुचवू?" आणि त्यांनी काहीच दिलं नाही. मला ते जरा लागलं होतं.

भोपाळला आम्हाला जे सरकारी क्वार्टर मिळालं, तिथे एका अंगणाभोवती पाच घरं होती आणि मध्ये एक नळ. राज्य एक झालं होतं, पण अंगण झालं नव्हतं. एका घरात जबलपूरची मिसराइन, एका घरात रीव्याची ठकुराइन. तिसऱ्यात ग्वाल्हेरच्या वहिनी, त्या मराठी असून उज्जैनला खेडं समजायच्या. आणि सईदा आपा भोपाळच्याच, त्यांच्या मते आम्ही चौघी त्यांच्या गावात घुसलेल्या. नळावर रोज सकाळी बादल्यांवरून कुरबुर. एरवी कुणी कुणाशी बोलत नसे. मला दिवस गेले होते आणि दिवसभर एकटीने घरात बसवत नसे. हे मी काकूंना एका पोस्टकार्डात लिहिलं होतं.

थंडीत एका सकाळी दारात टांगा थांबला. काकू, वळकटी घेऊन, एकट्या. "गाव बघायला आले," म्हणाल्या. गाव त्यांनी काही बघितलं नाही. पहिला दिवस खिडकीत बसून नळावरची भांडणं ऐकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन अंगणात आलं तशा त्या बाहेर गेल्या आणि मधोमध फरशीवर खडूने अष्टा-चंग्याचा चौकोन आखला. कुणालाही बोलावलं नाही. एका हाताविरुद्ध दुसरा हात, अशा खेळत बसल्या. मिसराइन आपल्या दारात बड्या, म्हणजे त्यांच्याकडचे सांडगे, वाळत घालत होती. ती थोडा वेळ बघत राहिली आणि तिला राहवेना.

"अम्मा, उल्टा चल रही हो."

"हमारे उज्जैन में ऐसे ही चलते हैं."

"तो गलत चलते हैं." ती उठून जवळ आली.

"गलत तो जबलपुरवाले भी चलते हैं," ठकुराइन आपल्या ओसरीवरून म्हणाली. अंगणातल्या कुणाशी तिचं हे पहिलंच वाक्य असावं. तीही आली. वहिनी आल्या त्या ग्वाल्हेरची रीत सांगायला. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात जाता येतं का नाही, यावर जोराचा वाद झाला, तेव्हा सईदा आपा पडद्याआडून म्हणाल्या, "बगैर मारे अंदर? हमारे यहाँ तो बच्चे भी ऐसी बेईमानी नहीं करते." आणि पडदा सारून त्याही आल्या.

सगळ्या काकूंकडे बघायला लागल्या, की आता निकाल द्या. काकूंनी कवड्या खाली ठेवल्या. "मैं तो मेहमान हूँ, कल चली जाऊँगी. खेलना तुम लोगों को है. तुम तय करो."

त्यांनी ठरवलं कसं ते मी सांगू शकणार नाही, इतका गलका होता. एक डाव जबलपूरचा, एक रीव्याचा, असं काहीसं. ठकुराइन सारखी हरत होती आणि दर वेळी "अब नहीं खेलेंगे" म्हणून उठत होती. दर वेळी सईदा आपा तिचा हात धरून तिला बसवत होत्या. नळाखाली कुणाचीतरी बादली भरून वाहत होती. काकू केव्हा मागे सरकल्या आणि त्यांची जागा मला दिली, ते माझ्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. अंगणात डाव रंगला होता. त्या दिवशी जेवणं उरकून बायका आपण होऊन जमल्या होत्या. टांगा आला. मी काकूंची वळकटी उचलली आणि सगळ्यांना हाक मारायला वळले. आल्या तेव्हा कुणी विचारलं नाही, निदान जाताना तरी चार बायकांनी दारापर्यंत यावं, असं मला वाटलं.

काकूंनी माझा दंड धरला.

"उठवू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "ठकुराइन पहिल्यांदाच जिंकून राहिलीय."